खराटा

सड्यावर आमच्या बलकांवात
आई दिवसातून तीनदा खराटा मारायची.
सकाळी, चार वाजता, आणि पाहुणे यायच्या आधी.
पूड तरी यायचीच. लोणच्याच्या बरणीवर,
दामोदराच्या तसबिरीवर,
माझ्या अंकगणिताच्या वहीत बेरजेच्या चिन्हाभोवती.
वारा आमच्या घरी काळा होऊनच यायचा.

आता जेटीच्या त्याच टोकाला माझी पाळी.
पाच पांढरे डबे, मालगाडीच्या वाघिणीएवढे.
आत पाणी फाटतं.
आधी त्याचं मीठ काढायचं,
मग त्याचं पाणीपण.
एका किलोला दहा लिटर धरायचं, सांडलवंड धरून.
वीज बाहेरून येते, खोल समुद्रातून,
जिथं पाती फिरतात
आणि इथून नखाएवढीही दिसत नाहीत.

पडद्यावर वारा म्हणजे सेकंदाला मीटर.
कायतान बाब, होडी विकून
कंपनीची लाँच चालवणारा, त्याला नावानं ओळखतो.
"खारा आज आळशी आहे."
"मतलई पहाटे पडणार, सांभाळ."
पडदा सांगायच्या वीस मिनिटं आधी
मी दोन डबे झोपवते.
जाळी टाकायच्या जागी खांब आले,
हे तो एकदाच बोलला,
दोराच्या गाठीकडे बघत.
मी गाठीकडेच बघितलं.

बाबा आमोण्याला भट्टीवर एकतीस वर्षं.
भुवया गेल्या त्या परत आल्या नाहीत.
मी त्यांना समजावते: हा वायू खनिजातला प्राणवायू
तेवढा काढून घेतो, लोखंड मागं ठेवतो,
वर जाते ती वाफ.
"आणि धूर गो?"
नाही.
"मग पेटलंय हे कळतं कसं?"
चेष्टा नव्हती ती.
धुराच्या रंगावरून त्यांनी भट्टीची तब्येत ओळखली,
आई माझी ओळखायची तशी,
जीभ बाहेर काढायला लावून.

उत्तर मला मार्चमध्ये मिळालं.
भर दुपार, तीन नंबरचा सांधा, बारीक शीळ.
ही ज्योत उन्हात दिसत नाही.
निळी नाही, पिवळी नाही, हवाच फक्त
जरा थरथरल्यासारखी, तीही मार्चमध्ये सगळीकडेच.
डिटेक्टर ओरडत होता; कुठे, ते सांगत नव्हता.
पुरवठा तोडला, नळीत उरलेलं तरी होतंच.
लाल बादल्यांच्या शेजारून
मी खराटा काढला.
नियमात आहे तसाच: दांडा लांब, हिरांची टोकं पुढं,
एकेक पाऊल.

हवा.
हवा.
हवा.
आणि हीर पेटले,
समोर कुणी नसताना कुणीतरी
काडी ओढल्यासारखे.

तिथं होती.
माझ्या गुडघ्यापासून दोन हात.

अर्धा जळका खराटा मी घरी नेला.
बाबांनी हुंगला. "नारळाचाच वास,"
म्हणाले, थोडे नाराज.
मग बराच वेळ जळकी टोकं
अंगठ्यानं चोळत बसले.
आईनं कंपनीसाठी नवा बांधून दिला,
साठ रुपये घेतले, पावती मागितली.
जुना तिनं बलकांवात फिरवला,
चार वाजले होते म्हणून.
केरात निघालं ते असं:
चिंचेची पानं, रेती,
एक मेलेला भुंगा,
आणि चिमूटभर पूड,
पलीकडच्या धक्क्यावरची,
जिथं जहाज आजही रिकामं होतंय.