चार घरं आत

पाथर्डी फाटा, तिसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
खाली टँकर सोसायटीच्या टाकीत पाणी सोडतोय.
त्याचा आवाज थांबला तेव्हाच कळलं
की तो इतका वेळ चालू होता.

तक्रार साधी आहे.
फाइल सेव्ह केली की कॉमेंट चार घरं आत सरकते.
पुन्हा केली, आणखी चार.
कुणीतरी दिवसभर, हाताला सवय म्हणून,
दर दोन मिनिटांनी सेव्ह करत राहिला
आणि संध्याकाळपर्यंत त्याचं

// इथे हात लावू नका
        // इथे हात लावू नका
                // इथे हात लावू नका

स्क्रीनच्या कडेवरून पलीकडे पडलं.

मी हसले. मग आठवलं,
खोली मोजणारा तो भाग माझाच.
दोन वर्षांपूर्वी अंबडच्या कंपनीत,
डबा एका हाताने खात लिहिलेला.

शरणपूरहून फेलिक्स फोनवर आहे.
"कंस उघडला की तू एक वाढवतेस.
मिटला की एक कमी. बरोबर.
पण मिटायच्या आधी मध्येच कॉमेंट आली तर?"
तर काय.
तर ती आत्ता जिथे आहे तिथून मी पुढे मोजते.
जिथे असायला हवी, तिथून नाही.
"हं," तो म्हणतो, आणि लांब जांभई देतो.

पहिली दुरुस्ती: सत्तेचाळीस टेस्ट लाल.
तीन ओळींत मोडलेली एक लांबलचक अट
थेट डाव्या भिंतीला जाऊन चिकटली,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.
दुसरी दुरुस्ती: एकोणीस लाल.
तिसरीबद्दल मी बोलणार नाही.

रविवार कारंज्याजवळ एका जिन्याखाली
वामन गायधनींचा छापखाना होता.
लग्नपत्रिका, पतपेढीची पावतीपुस्तकं,
आणि वर्षातून एकदा आमच्या शाळेचा अंक.
प्रुफं आणायला मला पाठवलं होतं, नववीत असेन.
त्यांनी माझ्या तळहातावर शिशाचा ठोकळा ठेवला.
मी सगळ्या बाजूंनी फिरवला. अक्षर सापडेना.
"ही मोकळी जागा," ते म्हणाले.
"उमटत नाही. पण काढून बघ, ओळ सांडते."
"कवितेला किती घालता?"
"कवितेची मी ठरवत नाही. मोजून घेतो."
मग म्हणाले, हात धुऊन ये, शिसं आहे,
तसाच तोंडात घालशील.

सव्वातीन.
शेवटी एक ओळ काढली, दोन घातल्या.
जुना आकडा विसरायचा, दर वेळी शून्यापासून मोजायचं.
बस, एवढंच, आणि एवढ्याला चार तास.
टेस्ट हिरव्या.
त्याच फाइलवर पुन्हा चालवलं:
बदललेल्या फाइली शून्य.
काहीच झालं नाही, याचा इतका आनंद
मला याआधी कधी झाल्याचं आठवत नाही.
तिसऱ्यांदा चालवलं, उगाच.

"एक राहिलंय," फेलिक्स म्हणाला.
कुणाच्यातरी फाइलमध्ये बसथांब्यांची यादी आहे:

सिन्नर            २८
घोटी               ३९
पिंपळगाव     ३१

आकडे आकड्यांखाली, हाताने आणलेले,
एकेक स्पेस दाबून, कुणीतरी, कधीतरी.
आपलं यंत्र ते सगळं डावीकडे दाबून टाकतं.
नियमाने ते बरोबरच आहे.
"काय करायचं?"
मी थोडा वेळ काही बोलले नाही.
मग लिहिलं: अशी खूण असेल
तर हा तुकडा जसा आहे तसा.
"मोजून घ्यायचा," मी म्हणाले.
"काय?"
"काही नाही."

पलीकडून उत्तर आलं नाही. झोपला असावा,
फोन उशीवर तसाच ठेवून.
मी सेव्ह केलं. पुन्हा सेव्ह केलं.
कॉमेंट जागची हलली नाही.

टॅब वापरणाऱ्यांचं उद्या बघू.