वाट्या सहा

अण्णांनी मृत्युपत्रात दोन व्यवस्थापक नेमले:
एक मी, एक दौलत पगारे.
"दोघांनी मिळून, एकमताने" असं लिहिलं
आणि प्रेसमधल्या माणसाच्या सवयीने
प्रत्येक पानावर सही केली,
कोऱ्या पाठीवरसुद्धा.

एकमत!
जेलरोडच्या रो-हाउसचं गिऱ्हाईक
तीनदा येऊन चहा पिऊन गेलं.
उमेश पुण्याहून फोन करतो,
"ताई, एका म्हाताऱ्याच्या सहीवाचून
किती दिवस अडून राहायचं?"
वकीलबाई कोर्टाच्या जिन्यात उभ्या उभ्या सांगतात,
त्यांना दूर करायचा अर्ज टाकता येईल,
पण कारण काय लिहू?

कारण काय लिहायचं.
माणूस उपनगरहून सायकलवर येतो,
सत्त्याहत्तर वर्षांचा, पँटच्या पायाला क्लिप.
प्यायचं पाणी स्वतःचं आणतो.
घरपट्टीची पावती, लाइट बिल वहीत डकवतो,
कुलपाला तेल घालतो, त्याचे पैसे मात्र मांडत नाही.
मग चष्मा पुसून यादी उघडतो
आणि पहिल्यापासून मोजायला बसतो.

लोखंडी पलंग, दोन.
पितळी घागर, एक, पोचे आलेली.
शिलाई मशीन, पायाचं, पट्टा नाही.
मिसळणाचा डबा, स्टीलचा, झाकणासह.
इथे पेन थांबतं. दर महिन्याला इथेच.
"जागा सात. वाट्या सहा."

पहिल्यांदा मी भडकलेच.
पासष्ट लाखांचं घर आहे, काका,
आणि तुम्ही एका मोहरीच्या वाटीसाठी अडवून बसलात?

ते काही बोलले नाहीत.
डबा घासून पालथा घातलेला होता, कोरडा,
कुठल्या वाटीत काय असायचं
ते डब्यालाही आठवलं नसतं.
त्यांनी फक्त वर पाहिलं,
पुन्हा खाली, आणि तारीख टाकली.

जाताना सायकलचं स्टँड काढत म्हणाले,
"तिकिटांचे ताव असायचे आमच्याकडे.
आधी मी मोजायचो, मग रंगनाथ.
आकडा जुळेपर्यंत गेट उघडायचं नाही.
एकदा एक ताव कमी आला.
रात्री पावणेदोनला सापडला, टेबलाच्या पायाखाली,
टेबल डुगडुगतं म्हणून कुणीतरी घडी घालून सरकवलेला.
तोवर सगळी शिफ्ट उपाशी.
तुझ्या बापाचं आणि माझं पटायचं नाही,
ठाऊक आहे ना?
म्हणून तर साहेबाने आमची जोडी लावली होती."

बिटको चौकापर्यंत मी चालत गेले त्या दिवशी,
रिक्षा समोर उभ्या असताना.

तेराव्याच्या रात्री सगळे झोपल्यावर
मी ती रुमालात गुंडाळून आणली होती.
सोनं नाही, कागद नाही,
आई फोडणी टाकताना न बघता
जिच्यात दोन बोटं घालायची
तेवढी एकच वस्तू.
उमेशला मागितली असती तर हसून म्हणाला असता,
अगं, अख्खा डबा ने.
त्याचीच लाज वाटली की काय, कोण जाणे.
काठाच्या वळीत चार दाणे अडकलेत अजून,
टाचणीने काढता येतील. काढत नाही.
तिच्यात मी बीपीच्या गोळ्या ठेवते.

गेल्या शनिवारी गोळ्या बशीत ओतल्या,
वाटी पर्समध्ये टाकली.
बसमध्ये ती किल्ल्यांवर वाजत राहिली,
शेजारची बाई दोनदा वळून बघते इतकी.

पगारेकाका आधीच येऊन बसले होते.
पलंग झाले, घागर झाली,
मशीनच्या पट्ट्यावर नेहमीइतका वेळ गेला.
मग त्यांनी डबा पुढे ओढला,
पेनचं टोपण दातात धरलं
आणि म्हणाले, "जागा सात."

पुढचा आकडा त्यांनी उच्चारला नाही.
माझ्याकडे बघत थांबले.