चार पानी अंक

गोकुळपेठेत पिठाच्या गिरणीच्या वर
लांजेवारांचा प्रेस. तिथं मी
लग्नपत्रिका जुळवायची, पावतीबुकं,
आणि महिन्यातून एकदा
'मुक्काम'.
परदेशातून शिकायला आलेल्या पोरांनी
आपल्याआपल्यासाठी काढलेला. दोनशे प्रती.
अर्धे पैसे आत्ता, अर्धे घरून आले की.

संपादक इसा, झांझिबारचा, फार्मसीला.
चित्रं डेकीची. ती भूतानची;
मे महिन्यात बादलीत पाय सोडून बसायची
आणि बर्फ काढायची.

पहिल्या पानावर व्हिसाच्या मुदती,
पोलिसांकडे नोंद कुठल्या खिडकीवर,
कुठल्या वारी साहेब जाग्यावर सापडतात.
दुसऱ्यावर घरमालकाशी बोलायची वाक्यं:
कूलरमध्ये पाणी मीच भरलं होतं.
हा पाहुणा नाही, भाऊ आहे.
खाली बारीक अक्षरात,
'काहून' म्हणजे का.
सावजीत पहिल्यांदा जाल तर दही आधी मागवा.

मला आवडायचं तिसरं.
कुकर विकणे आहे, शिट्टी नवी.
दार-ए-सलामला कोण जातंय?
अर्धा किलो जागा हवी, आईचा चष्मा आहे.

मारबतीच्या अंकात इसानं लिहिलं,
इतवारीत सगळे ओरडत होते, खोकला घेऊन जा,
महागाई घेऊन जा गे मारबत,
तर मीही ओरडलो,
निकाल दाबून बसलेला बाबू घेऊन जा!
लांजेवार पोट धरून हसले, मग म्हणाले,
तेवढी ओळ काप.
मी कापली नाही.

चौथं पान मराठीत,
मेसच्या शेवंताबाई बोकडे वाचायच्या म्हणून.
ऑक्टोबरात इसा आला, पायरीवर चपला तशाच,
म्हणाला, चौथ्यावर एक चौकट दे.
वडिलांची.

मराठीत कशाला रे?
म्हणाला, त्या दोन दिवस विचारताहेत
जेवत काहून नाही गा.
तोंडानं सांगता येत नाही.

शब्द कुठला, त्यानं विचारलं.
मी सांगत गेले:
पेपरात निधन छापतात.
निवर्तले जुन्या माणसांचं.
वारले घरातलं.
देवाज्ञा म्हणतात, पण
तुझ्या देवाला ते कसं वाटेल, मला ठाऊक नाही.
खाली गिरणीचा पट्टा सुटला, पुन्हा बसला.
'गेले' चालेल? त्यानं विचारलं.
हा शब्द त्याला गणेशपेठच्या स्टँडवर मिळालेला,
रामटेकची गाडी गेली, तेव्हा.

सोळा पॉइंटात टाकलं.
बाबा गेले.
खाली नाव, गाव, तारीख.
डेकीनं शिडाची होडी काढली.
समुद्र तिनं पाहिला नव्हता, त्यामुळे
पाणी डोंगरासारखं आलं, टोकं टोकं असलेलं.
राहू दे, म्हणाला इसा.

शेवंताबाई काही बोलल्या नाहीत.
तीन दिवस चाळीस ताटांची डाळ
फोडणीशिवाय वाढली.

पुढच्या अंकाला एक पत्र आलं,
नुकत्याच आलेल्या मंगोलियाच्या पोराचं, रागावलेलं:
मेसच्या डाळीला तीन दिवस चव नव्हती,
याचं कारण समजावं.
इसानं ते जसंच्या तसं छापायला दिलं.
खाली संपादकाच्या उत्तराला
दोन ओळींची जागा मागितली,
आणि अंक मशीनवर चढेपर्यंत
काहीच आणून दिलं नाही.
मी दोनदा विचारलं.
मग तशीच सोडली.