तेल कुठे लावायचं नाही

नहराच्या पुलावर मी ब्रेक लावला
की सोनटोलीतली ढोरं कान टवकारायची.
काटेखायेची म्हैस तर खुंट्यासकट निघायची
बोडीच्या दिशेनं.
तिला ठाऊक, हा आवाज आला
की मागोमाग सुई येते.

सहा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे मी.
माझ्या आधी गाडी पोचते गावात,
आणि गाडीच्या आधी तिच्या पुढच्या चाकाचं किंचाळणं,
पाटीवर नख ओढावं तसं.
पुष्पकला म्हणायची, बरंच आहे,
तेवढ्यात चहाला उकळी येते.

दिवाळीला हिवराज आला, माझा साळा.
ऐकून म्हणाला,
"तेल मार ना भाटवा.
दरवाजा का, बंडी का, तेलानं सब्बन चूप होते."
मीही शहाणा,
चकतीवर दोन्ही अंगांनी जवसाचं तेल सोडलं,
बोटानं नीट पसरलं.

खरंच चूप झाली.
इतकी चूप, की नत्थू बोरकरच्या वळणावर
मी लिव्हर दाबत राहिलो, दाबत राहिलो
आणि गाडीनं ऐकलंच नाही.
तणशीचा ढीग होता म्हणून हे लिहितोय.
नत्थू आला, माझ्या केसांतली काडी काढली,
म्हणाला, "डाक्टर, आज बिमार ढोर कोणता हाय?"

तेल प्यायलेले पॅड परत सुधरत नाहीत.
घासा, तापवा, उन्हात ठेवा,
पोटातलं तेल पोटातच.
साकोलीहून नवे आणले.
मेकॅनिक म्हणाला, गाडी ठेवून जा, परवा ये.
परवा खुरकुताची लस होती, चार गावं.

मग सांदवाडीत पोतं अंथरलं.
बारा नंबरचा पाना, मागून आणलेली एलन की,
जुना टूथब्रश, पॉलिश पेपर.
टॉर्च दामिनीच्या हातात. नववीत आहे,
विचारत नाही, सांगते :
"बाबा, पह्यले हात धुवा साबणानं,
मंग पॅडले हात लावा."

कॅलिपर उघडला तर आत
अख्ख्या तालुक्याची धूळ,
धानाचा कोंडा, एक वाळलेला मुंगळा.
जुन्या पॅडांपैकी एक नखाएवढा पातळ,
दुसरा जवळजवळ कोरा.
एकट्यानंच इतकी वर्षं चाक धरून ठेवलेलं,
दुसरा नुसता हजेरीला.
"पिन जाम हाये," मुलगी म्हणाली.
आणि मी सहा वर्षं समजत होतो
की गाडीचा स्वभावच तसा.

पिन घासली, चकाकेपर्यंत.
तिच्यावर ग्रीस, तीळभर.
पॅडच्या पाठीला, पिस्टन टेकतो तिथं, तेवढंच.
बोट जरा पुढे सरकलं
तर दामिनीनं मनगटच धरलं माझं.
चकती तीनदा साबणानं धुतली, पुसली,
शेवटी दवाखान्यातलं स्पिरिट,
सुईआधी मी कातडी पुसतो तसं.

लिव्हर पहिल्यांदा सपशेल आत गेली.
माझ्या डोळ्यांपुढे तणीस.
"पंप करा," ती म्हणाली.
पाच, सहा... नवव्या दाबाला
हाताला काहीतरी लागलं,
गाभण गाईच्या कुशीत
वासराचा खूर लागावा तसं, घट्ट.

आता पुलावर थांबतो
तर खालचं पाणी ऐकू येतं.
चहा उशिरा मिळतो.
काल काटेखायेच्या म्हशीजवळ थेट पोचलो.
रवंथ करत होती. माझ्याकडे पाहिलं,
सुईकडे पाहिलं,
पण पळायचं तिला सुचलंच नाही.
टोचताना मीच नजर वळवली.

आज पुलावरूनच हॉर्न दिला. दोनदा.
म्हैस निघाली बोडीकडे, खुंट्यासकट,
आणि मला शिव्या देत
तिच्यामागे काटेखाये.