चार मिलिअँपिअर

रम्सच्या खाडीत, जिथून समुद्र आत ओढून
त्याचं गोडं पाणी करतात,
त्या धक्क्यावर एक राखाडी पेटी
आणि तिच्यात कोपरापर्यंत मी.
ऑगस्ट. पहाटेचे पावणेतीन. चष्म्यावर वाफ.
मोतालेब बॅटरी धरून उभा, जरा जास्तच स्थिर,
कारण मी दोनदा ओरडलोय.

खाली पाण्यात चार प्रोब सोडलेत :
क्षार, आम्लता, विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा.
चौघांची शेपटं माझ्या मुठीत.
हिरवी ए-ला, पांढरी बी-ला,
जाळीचं टोक एकाच बाजूनं जमिनीला,
दोन्हीकडून बांधलं की तार स्वतःशीच गुणगुणते
आणि आपल्याला वाटतं समुद्र बोलतोय.

शिस्त साधी आहे : लॉगर नाव घेईल,
नाव घेतलेल्यानंच बोलायचं.
लॉगरनं विचारलं, एक नंबर?
पडद्यावर कचरा.
पुन्हा विचारलं. पुन्हा कचरा.
तारा उलटसुलट करून झाल्या, शेवटाचा रोधक बदलला,
कंपनीच्या सात पिढ्या काढून झाल्या,
मग उजाडलं डोक्यात :
दोन प्रोब नवेकोरे. कारखान्यातून निघताना
दोघांचाही पत्ता एक.
हाक मारली की दोघे एकदम ओ देतात.
दोन्ही उत्तरं खरी,
मिळून नुसता गोंगाट.

मोतालेबला सांगितलं तर हसत सुटला.
आमच्या कॅम्पचा पी. ओ. बॉक्स एकच, माणसं चारशे,
त्यात मोतालेब तीन.
त्याच्या बायकोचं पाकीट एकदा
दुसऱ्याच मोतालेबनं फोडलं.
"शेवटपर्यंत वाचलं त्यानं," तो म्हणाला,
"आणि रडत आणून दिलं."

एकाला उपसलं, दोन नंबर दिला, परत बुडवलं.

गढूळपणावाला जुन्या वळणाचा.
तो आकडे बोलत नाही, प्रवाह धाडतो,
चार ते वीस मिलिअँपिअर.
वीस म्हणजे पाणी दिसेनासं झालं.
चार म्हणजे काही नाही, सगळं नितळ.
आणि शून्य म्हणजे तार तुटली.
आयटीआयला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, काय ही उधळपट्टी,
'काही नाही' एवढं सांगायला चार कशाला खर्चायचे?

घरी मात्र हे आधीपासून ठाऊक होतं.
वडील खेडला नदीची पट्टी वाचायचे,
आठ, बारा, पाच. नदीचं नावच जगबुडी,
तेव्हा चेष्टेला वाव नव्हता.
"वाचलं नाही तर 'वाचन नाही' असं लिहावं," म्हणायचे,
"शून्य लिहिलंस तर नदी आटली असा अर्थ होतो."
खात्याच्या एका वहीत, त्यांच्या कॉपिंग पेन्सिलीनं,
दुपारी बाराच्या चौकटीत लिहिलंय :
वाचन नाही. मुलगा झाला.
तो मी. खात्याच्या लेखी
मी एक न घेतलेलं वाचन आहे.

हल्ली फोनवर दोनच शब्द बोलतात.
रोज रात्री साडेनऊला. "बरं आहे."
मी वाद घालत नाही. मला चार मोजता येतात.
परवा फोन वाजत राहिला.
कालही.
रेंज नसेल. घाटाखाली नसतेच.

डोंगराकडून फजरची अजान आली
तेवढ्यात पडदा हलला.
क्षार एकेचाळीस पॉइंट तीन.
आम्लता आठ पॉइंट एक.
प्राणवायू कमी, पण ऑगस्टमध्ये एवढाच असतो.
गढूळपणा : चार पॉइंट शून्य दोन मिलिअँपिअर.
"म्हणजे काहीच नाही?" मोतालेबनं विचारलं.
काहीच नाही, म्हटलं. पण आहे.

त्यानं बॅटरी विझवली, चहाची किटली शोधायला गेला.
मी पेटीचं झाकण लावलं, एक स्क्रू कमी पडला.
इथे चार चाळीस. म्हणजे तिकडे सहा दहा.
आठचं वाचन व्हायला
अजून वेळ आहे.