वायव्येकडचा उजेड

परीक्षा दहाला. सव्वाआठला लादिनाचा निरोप:
डोळा आलाय, सुजलाय, येत नाही.
माझ्या पेटीत आठ ब्रश, तीन तपकिरी,
शिंपल्याच्या पोटासारखी चकाकणारी एक पावडर,
आणि चेहरा एकही नाही.

रेगुला आत्या पावाला लोणी लावत होती.
वय एकाहत्तर.
म्हणाली, माझा चालेल का?
तसाही रिकामाच असतो.

आत्या बर्नच्या नकाशा कचेरीत एकतीस वर्षं
डोंगरांना सावल्या घालायची.
शिसपेन्सिल, आणि करंगळीनं पुसत पुसत
सपाट कागदातून कडे वर काढायची.
लोक नकाशावरून हात फिरवायचे
आणि काहीच टोचलं नाही म्हणून हिरमुसायचे.

कूरच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
खुर्चीत बसल्या बसल्या तिनं विचारलं,
उजेड कुठून धरलायस?
समोरून, मी म्हटलं. आरसा समोर आहे ना.
तिनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

उजेड वायव्येकडून धरायचा, फ्लुरिना.
कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून.
आपल्याकडे भर दिवसा सूर्य तिथे कधीच नसतो,
पण खालून धरलास
तर शिखरांचे खड्डे होतात, दऱ्या फुगून वर येतात.
खोटा सूर्य आहे, सगळ्यांनी मान्य केलेला.

मी कपाळाच्या कडेनं सुरुवात केली,
केसांच्या मुळांशी, मग कानशील, मग जबड्याच्या खालून,
ब्रश झटकत, विरवत.
रेघ दिसली की मेलीस, ती ओठ न हलवता म्हणाली.
नाकाच्या दोन्ही उतारांवर आले
तर डोळे मिटूनच: ही सोंड तुझ्या आजोबांची.
तुझ्याकडेही आलीय, झाकू नकोस फार.

शेजारच्या खुर्चीतली मुलगी विशीची होती,
तिच्या गुबऱ्या गालाला कोणीतरी
मोठ्या कष्टानं दरी पाडत होतं.

मी दुसरी तपकिरी घेतली
आणि गालाच्या हाडाखाली आले.
ब्रश तिथेच थांबला.
गालफडं बसली होती. पोटाच्या ऑपरेशननंतर
तिचं जेवण किती कमी झालं ते
रोज एका टेबलावर जेवून मला दिसलं नव्हतं.
इथे सावली होतीच.
माझ्या तिन्ही डब्यांत नसलेली, जरा निळसर.

काय झालं? तिनं विचारलं.
काही नाही. पावडर संपली.
खोटं बोलतेयस, ती म्हणाली, आणि मग उगाचच
एका हिमनदीचं सांगू लागली:
तिची जीभ मी कोरी सोडली होती. नुसता कागद.
बर्फ काढायचा नसतो, सोडायचा असतो.
पुढच्या आवृत्तीत पोरांनी तिथे
दगडगोट्यांचे ठिपके घातले. बरोबरच होतं त्यांचं.
पण मला विचारलं नाही.

तुमचं सोपं, मी म्हटलं. आम्हाला पांढरं लावावं लागतं.
आणि लावलं. हाडाच्या माथ्यावर, भुवईच्या कमानीखाली,
वरच्या ओठाच्या खाचेत चिमूटभर.
एवढ्यानं तिचा चेहरा असा उठून आला
की पलीकडची मुलगी वळून बघू लागली.

काथोमास बाई आल्या. तीन पावलं मागे सरल्या.
दुरून डोंगर साजरे, मला वाटलं, आता जवळ येतील.
आल्या. चष्मा कपाळावर चढवून
गालाखाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या.
कुठे रेघ नाही, त्या म्हणाल्या. कोणती छटा?
कागदावर त्यासाठी एक रकाना असतो.

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली,
ती माझी घरची आहे.

किती गुण मिळाले ते शुक्रवारी कळेल.
परतीच्या बसमध्ये तिनं तोंड पुसू दिलं नाही.
समोरासमोरच्या जागा शोधल्या,
मला आधी एका बाजूला बसवलं, मग उठवून दुसऱ्या,
खिडकी माझ्या डाव्या हाताला येईल अशी.
मग स्वतः समोर बसली, पिशवी मांडीवर,
हनुवटी किंचित वर.

हं, म्हणाली. आता बघ.