वाटा वाढला

एप्रिल, तरी डुलुथच्या सरोवरावर बर्फ.
वाचनालयात खिडकीशी
लोरेटा पेन्सिल चावत विचारते,
"ट्राउटचं प्रमाण वीस टक्क्यांवरून चाळीस.
म्हणजे ट्राउट वाढले ना?"

नाही गं. एकूण मासे किती, कुठं दिलंय?
बाकीचेच मेले असतील.
पर्याय क खोड.

ती खोडते, रबराचा चुरा फुंकते
थेट माझ्या डब्यावर.

डब्यात एक पोळी, लिंबाचं लोणचं.
विद्याधर होता तेव्हा चार लाटायचे रोज,
निम्म्या माझ्या.
आता शंभर टक्के.

"मग यातून निघतं तरी काय?"
एका प्रश्नाला सव्वा मिनिट;
तिचं लक्ष घड्याळाकडे, माझं झाकणाकडे.

वाटा वाढला. एवढंच निघतं.
चल, पुढचा घे.